एका फुटाला एक दाणा

मन्मथआप्पा माणसाची उंची ज्वारीच्या दाण्यात मोजायचे.

चेष्टा नाही करत मी. दुकानात गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याच्याकडं खालून वर बघणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "साडेपाच दाणे. पटका धरून पावणेसहा." गिऱ्हाईक बिचारं जिंतूरकडचं, बायकोनं पायलीभर ज्वारी आणायला पाठवलेलं. ते घाबरून म्हणायचं, "साडेपाच दाण्यानं काय होतंय मालक? पायलीभर द्या की!"

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर आप्पांचं धान्याचं दुकान, त्याच्या मागं त्यांच्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांना भिंत लावून माझं घर आणि दोन म्हशींचा गोठा. दुधाचा धंदा आमचा. बावीस वर्षं मी ह्या माणसाची शेजारीण आहे. देवानं प्रत्येकाला काही ना काही भोग दिलेले असतात म्हणतात. मला आप्पा दिले.

तर ते दाण्याचं सांगते. आप्पांनी सगळ्या जगाला एक माप ठरवून टाकलं होतं. खऱ्यातल्या एका फुटाला ज्वारीचा एक दाणा. माणूस साडेपाच फुटांचा असला तर आप्पा त्याची जी बाहुली करणार, ती साडेपाच दाणे ओळीनं लावल्यावर होते तेवढी, म्हणजे माझ्या बोटाच्या एका पेराएवढी. रेल्वेचा डबा साठ फुटांचा, तर आप्पांचा डबा साठ दाण्यांचा. आणि दाणा मालदांडीचाच पाहिजे. "हायब्रीडनं मोजलं की माणूस खुजा होतोय वहिनी," हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. एखादा डबा अर्धा दाणा कमी भरला तर चालेल की, असं मी एकदा चुकून बोलले. त्या दिवशी दुकान दोन तास बंद राहिलं आणि मला व्याख्यान झालं. "दाण्याचा फरक म्हणजे फुटाचा फरक! फूटभर माणूस उडवायचा का तुमी? गुडघ्यापासून खाली कापायचा?"

हे सगळं कशासाठी, तर आप्पा रेल्वे बनवायचे. आपल्या सेलूचं स्टेशन, त्याचा फलाट, पाण्याची टाकी, लहान लाईनवरची पॅसेंजर गाडी, सगळं. आणि कशाचं? कडब्याचं.

लहानपणी आपण सगळ्यांनीच ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी केलेली असते. वरची चकचकीत साल सोलून तिच्या पट्ट्या करायच्या, आतलं पांढरं मऊ भेंड निघतं त्याचे तुकडे, आणि पट्टी भेंडात खुपसली की जोड तयार. खिळा नको, दोरी नको. पोरं बैलगाडी करतात, दोन दिवस ओढतात, मग मोठी होतात. आप्पा मोठे झाले नाहीत. ते बैलगाडीवरून आगगाडीवर गेले.

आणि त्यांना लागणारा कडबा कुणाचा? माझा! गोठ्याच्या मागं माझी कडब्याची गंजी असायची. रोज सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, असे आप्पा गंजीपाशी हजर. पेंढी सोडायची, एकेक धांडा कानापाशी धरून वाजवायचा, जसा काही तबला. त्यातले चार भरीव धांडे काढून घ्यायचे आणि पेंढी पुन्हा बांधून ठेवायची. तीही माझ्यापेक्षा चांगली बांधायचे, त्याचाच मला जास्त राग यायचा.

"आप्पा, म्हशीच्या तोंडचा घास काढायलेत तुमी."

"म्हशीला काय वहिनी, तिला कोणताबी धांडा चालतोय. डब्याला न्हाई चालत."

माझी थोरली म्हैस बिजली. नाव बिजली, चाल ढगाची. तीसुद्धा आप्पा आले की मान वळवून बघायची आणि फुर्र करायची. तिला तेव्हापासूनच कळत होतं, मला नव्हतं कळत.

आप्पा एकटे. लग्न झालं नाही, का झालं नाही ते कुणी विचारलं नाही. दोन भाऊ हैदराबादेत जाऊन तिकडचेच झाले. दुकान सांभाळायचा जिम्मा आप्पांवर टाकून गेले, तो आप्पांनी कधी खाली ठेवला नाही. एकट्या माणसाचं घर, त्याला बोलणारं कोणी नाही, मग काय होणार? स्टेशन मांडायला सपाट लांब जागा पाहिजे म्हणून आप्पांनी घराची तीन दारं बिजागऱ्यांतून काढली आणि विटांवर आडवी मांडली. झाला फलाट. आणि घराला पडदे! गल्लीतली कुत्री आप्पांच्या स्वयंपाकघरात जाऊन यायची. मी म्हटलं, "आप्पा, चोर शिरंल एखाद्या दिवशी." तर म्हणाले, "शिरू द्या. फक्त फलाटावर पाय ठिवू नको म्हणावं."

शर्टाचीही तीच गत. गाडीचं चाक तीन दाण्यांचं हवं होतं, आणि शर्टाचं बटण भरलं बरोब्बर तीन दाणे. झालं! आप्पांनी आपल्या सगळ्या शर्टांची बटणं उसवली. तेव्हापासून हा माणूस टाचण्या लावून हिंडायचा. गिऱ्हाइकाला वाकून माप घालताना टोचायच्या, तर "आई गं" म्हणून पुन्हा माप सुरू.

एकदा त्यांचा पुतण्या हैदराबादेहून आला. बिचाऱ्यानं काकाची हौस बघून मोठा खर्च करून विलायती खोका आणला होता. आत इंजिनाचे प्लास्टिकचे सुटे भाग, नंबर घातलेले, नुसते चिकटवायचे. आप्पांनी खोका उघडला, एकेक भाग उन्हात धरून पाहिला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"कापून दिलंय, भोकं पाडून दिलीत, नंबर घालून दिलेत. भाकर थापून, भाजून, मोडून दिली. मग मी काय निस्तं चावायचं का रे?"

पुतण्याचं तोंड एवढंसं झालं. मला त्या पोराची दया आली. तो खोक्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायला लागला, हे इंजिन खऱ्याच्या कोणत्या प्रमाणात आहे ते. खऱ्याच्या एका फुटाला इथं चार मिलीमीटर, असं त्याच्यावर छापलेलं होतं. आप्पा ताडकन उठले, दुकानातून मूठभर मालदांडी आणली आणि पुतण्याच्या कंपासातल्या पट्टीवर दाणे मांडले. एक दाणा, चार मिलीमीटर. दहा दाणे, चाळीस मिलीमीटर. आप्पा रस्त्यावर आले आणि ओरडले, "वहिनी! विलायतेतबी मालदांडीच पेरत्यात!"

ही बातमी पुढं आठ दिवस त्यांनी देवगाव फाट्यावरून येणाऱ्या प्रत्येक यष्टीतल्या माणसाला सांगितली. खोका मात्र तसाच फळीवर राहिला. त्याच्यावर मिरच्यांची टोपली ठेवायचे.

आता हे नुसतं घरात चाललं असतं तर मी एवढी तोंड वाजवत बसले नसते. पण लहान लाईन उखडून मोठी लाईन टाकणार, अशी बातमी आली. गावाला आनंद झाला, आता मुंबईला सरळ जाता येणार. आप्पा मात्र तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी स्टेशनात गेले आणि जुनी कंदिलांची खोली मागून आले. रिकामीच पडली होती, कोळशाचं पोतं सोडून आत काही नव्हतं. स्टेशनमास्तर भला माणूस. म्हणाला, घ्या आप्पा, वरून कोणी विचारेपर्यंत तुमची.

त्या खोलीत आप्पांनी लहान लाईनचं जे जे टाकून देणार होते ते ते आणून लावलं. हिरवा-लाल कंदील, तिकिटावर तारीख मारायचं यंत्र, फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा, जो गाडी सुटली की ठणठण वाजवायचे. पितळेची वस्तू असली की चिंचेनं घासायची. दुकान गडी बघायचा, आप्पा दिवसभर खोलीत. पगार नाही, चहा नाही, उलट झाडू घरून न्यायचा. आणि खोलीच्या मधोमध आपलं ते तीन दारांचं कडब्याचं स्टेशन. बैलगाडीत घालून नेलं, तेव्हा गाडीवानाला बैलांना पळू देऊ नको म्हणत आप्पा स्वतः बैलांच्या पुढं उलटे चालले.

खोली बघायला काही लागायचं नाही. फक्त चपला बाहेर काढायच्या. बाहेर पडताना मात्र परीक्षा! आप्पा दारात आडवे उभे राहायचे आणि एक प्रश्न विचारायचे. "टाकीला पाय किती?" "कंदिलाची लाल काच डाव्या हाताला का उजव्या?" उत्तर चुकलं की पुन्हा एक चक्कर. एकदा मानवत रोडला निघालेल्या वऱ्हाडाला गाडीला उशीर होता म्हणून ते बघायला शिरलं. नवरदेवाला टाकीचे पाय सांगता येईनात. गाडी आली, वऱ्हाड चढलं, नवरदेव आत चक्कर मारायलाय! शेवटी गार्डानं गाडी धरून ठेवली आणि नवरदेवाच्या मामानं आप्पांना जे ऐकवलं ते मी इथं लिहू शकत नाही. आप्पा शांत. "सहा पाय हायेत," म्हणाले, "त्यात काय अवघड हाय?"

ते दिवस विद्यापीठाच्या नावावरून तापलेले होते. आज बंद, उद्या मोर्चा, चांगल्या घरोब्याची माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली होती. आप्पांच्या त्या छोट्या फलाटावर एक बाक होता, त्याच्यावर गावचे पाटील आणि त्यांना खेटून लाईनवर काम करणारा भीमनगरातला गँगमन. एक जण दुकानात येऊन आप्पांना दरडावून गेला, त्याला उठवा तिथून. आप्पा माप घालता घालता म्हणाले, "बाक सहा दाण्यांचा हाय. तीन माणसं बसत्यात. जो आधी आला तो बसला. पाटलाला तकलीफ असंल तर पाटलाला उभा करतो." तो माणूस पुन्हा त्या दुकानात आला नाही. आप्पांनी त्याची ज्वारी दुसऱ्याला दिली आणि बाक होता तसाच ठेवला. हे एक मात्र मी त्यांचं तेव्हाही मान्य केलं होतं, तोंडावर नाही, मनात.

खोली बघायला मी स्वतः एकदाही गेले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण नव्हते गेले. आमच्या मालकांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते रोज सकाळच्या पॅसेंजरनं दुधाचे दोन कॅन घेऊन परभणीला जायचे. ते गेल्यावर मी दूध गावातच घालायला लागले, आणि स्टेशनाकडं पाय वळेना. आप्पा बोलवायचे, मी म्हणायचे, "मला म्हशीचं काम हाय, तुमच्यासारखी रिकामी न्हाई मी."

मग ते पत्र आलं. वरचे मोठे साहेब तीन आठवड्यांनी सोमवारी येणार होते, लाईनच्या कामाआधी स्टेशन बघायला. कंदिलांची खोली पाडायच्या यादीत होती. स्टेशनमास्तरानं आप्पांना सांगितलं, साहेबांना खोली बघण्यासारखी वाटली तर राहील, नाही तर पहिली कुदळ तिच्यावर. आप्पा दुकानातून तसेच माझ्या गोठ्यात आले. हातात ज्वारीचं माप तसंच.

"वहिनी, नवी गाडी करायला पाहिजे. जुनीचा रंग उडालाय. इंजिन आणि पाच डबे."

"करा की. माझी गंजी हायेच तुमच्या बापाची."

पंधरा दिवस ते बसले. गेरू कालवून डब्यांना लाल रंग, काजळाचं इंजिन, बाभळीच्या डिंकानं चिकटवलेलं. खरं सांगते, डबे सुंदर झाले होते. खिडक्यांचे गजसुद्धा सालीचे, केसाएवढे. शुक्रवारी संध्याकाळी मी धार काढत असताना आप्पा गोणपाटात काही तरी गुंडाळून आले आणि गंजीवर चढले.

"वहिनी, दुकानात उंदरं लय झालीत. तुमच्याकडं मांजर हाय. गाडी इथं वर पेंढीवर ठिवतो. ध्यानात ठिवा बरं का."

बिजलीनं त्या वेळेला बादलीत पाय घातला होता. मी काय ऐकते! "ठिवा, ठिवा, जा आता," एवढंच म्हटलं.

बघा त्या माणसाची अक्कल. उंदीर खातील म्हणून भ्याला, आणि कडब्याची गाडी आणून ठेवली कडब्याच्या गंजीवर, म्हशीच्या गोठ्यात! आणि बघा माझी. शनिवारी पहाटे उठले, नेहमीसारखी वरची पेंढी ओढली, तिच्याबरोबर गोणपाट खाली आलं, त्यातून जे सांडलं ते सगळं अंधारात उचलून गव्हाणीत टाकलं आणि चूल पेटवायला गेले. उजाडल्यावर आले तर बिजली मिटल्या डोळ्यांनी रवंथ करायलीय आणि तिच्या तोंडाला लाल रंग. मला वाटलं रक्त आलं. जबडा उघडून बघितला तर गेरू! खाली गव्हाणीत बटणं. नुसती बटणं.

पळून जावं असं वाटलं, पण भिंतीला भिंत लागून घर, पळणार कुठं? आप्पांना हाक मारली. ते आले. गव्हाणीत बघितलं, बिजलीकडं बघितलं. मी म्हटलं, "आप्पा, मला मारा तुमी." ते गुडघ्यावर बसले आणि बटणं वेचायला लागले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा गप्प बसला, आणि तेही माझ्यामुळं.

वेचून झाल्यावर म्हणाले, "पन्नास होती. शेहेचाळीस हायेत. चार आत गेली." मग बिजलीच्या तोंडाचा गेरू पुसत, "बिजलीला काही होणार न्हाई ना?"

माणसाची पंधरा दिवसांची मेहनत म्हशीच्या पोटात गेलेली, आणि हा विचारतोय म्हशीला काही होईल का! मला इतका राग आला, आप्पांचा, बिजलीचा, माझा स्वतःचा. मी पदर खोचला, गंजीतल्या पाच पेंढ्या ओढून अंगणात टाकल्या आणि म्हटलं, "दोन दिवस हायेत. सांगा काय सोलायचं."

ते दोन दिवस मी विसरणार नाही. म्हशीची धार शेजारच्या गल्लीतल्या माझ्या जावेनं काढली. मी सोलत होते, आप्पा कापत होते. "दाण्याचा फरक म्हणजे फुटाचा फरक" हे मी दोन दिवसांत शंभरदा ऐकलं. माझ्या बोटांना सालीच्या चिरा पडल्या. एक गज जाड सोलला तर तो उन्हात धरून म्हणायचे, "ही खिडकीय वहिनी, जेलखान्याचं फाटक न्हाई." मी तीनदा सगळं फेकून उठले आणि तीनदा पुन्हा बसले. रविवारी सकाळी शेणात तीन बटणं सापडली. आप्पांनी ती धुऊन उन्हात वाळत घातली. चौथं माझ्या पोलक्याचं तोडून दिलं.

सोमवारी सकाळी मी पाटीत गाडी घेऊन, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, सहा वर्षांनी स्टेशनात पाऊल टाकलं. चपला काढल्या आणि खोलीत शिरले.

आप्पा गाडी रुळावर ठेवत होते आणि मी फलाट बघत होते. घरात होता तेव्हा तो रिकामा होता, माणसं इथं आणल्यावर उभी केलेली. काय सांगू! पाटील होते, गँगमन होता. पान लावणारा हुसेन होता, त्याची मान वाकडी तशीच वाकडी. जिनिंगचे मुनीम छत्री घेऊन. आमच्या गल्लीतली सुमन, सासरी जाताना रडायला लागली होती ती, तोंडाला पदर लावलेली. एकेक माणूस बोटाच्या पेराएवढं, पण ओळखू यायचं. आणि पार्सलच्या दारापाशी एक माणूस दोन कॅन घेऊन उभा. डावा खांदा खाली.

आमच्या मालकांचा डावा खांदा तसाच खाली गेलेला होता. तीस वर्षं कॅन उचलून. मी त्यांना म्हणायचे, सरळ उभं राहा जरा. फोटोत कधी दिसला नाही तो खांदा, फोटोग्राफर ताठ उभं करायचा. मला भडभडून आलं. मी तिथंच खाली बसले आणि रडले, लपवलं नाही.

"पावणेसहा दाणे भरले," आप्पा हळू म्हणाले. "पण खांद्याच्या बाजूनं साडेपाचच. म्हणून तुमाला बोलवत होतो सारखा."

चार वर्षं हा माणूस मला हेच दाखवायला बोलवत होता, आणि मी त्याला म्हशीचं काम सांगत होते.

डोळे पुसून मी पुन्हा एकेक माणूस बघितला. मग एकदम ध्यानात आलं. "आप्पा, तुमी कुठंयत ह्याच्यात?"

"मी न्हाई."

"म्हणजे? रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही गाड्यांना तुमी फलाटावर असता. उन्हात, पावसात. आमचे मालक सांगायचे."

आप्पा इंजिनाची चिमणी सरळ करत होते, ती आधीच सरळ होती. "ज्यांचं काम होतं ती माणसं घेतली वहिनी. कुणाला जायचंय, कुणी सोडायला आलंय, कुणी आणायला. मला कुठं जायचं न्हवतं. आन् माझं कोण येणार होतं? निस्तं बघायला येणाऱ्याला फलाटावर जागा देत न्हाईत."

त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं, ज्वारीचा भाव सांगावा तसं. बाहेर कुणी तरी "साहेब आले, साहेब आले" म्हणून पळालं आणि आप्पा टाचण्या नीट करत दाराकडं गेले.

पाटीत भेंडाचे दोन तुकडे उरले होते. मी एक उचलला, दातानं तोडला, नखानं मान केली, सालीचे दोन हात खुपसले. कपाळाला माझ्या चंचीतल्या चुन्याची तीन बोटं, आप्पांच्या खाली पडलेल्या टाचणीच्या टोकानं. माप घेतलं नाही, दाणे कुठून आणू? फलाटाच्या अगदी कडेला, जिथून गाडी आधी दिसते तिथं, आमच्या मालकांच्या शेजारी उभा केला. उभा केल्यावर कळलं, तो सगळ्यांपेक्षा हातभर उंच झालाय. काढावा म्हणून हात पुढं केला आणि साहेब आत आले.

साहेब तरुण होते, चष्म्याचे. चपला काढा म्हटल्यावर हसून बूट काढले. कंदील बघितला, तिकिटाचं यंत्र बघितलं. मग स्टेशनापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. डब्यांच्या खिडक्यांतून बघितलं, टाकी बघितली, आप्पांना प्रमाण विचारलं. आप्पांनी खिशातून मालदांडीचा दाणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि विलायतेचं सगळं सांगितलं. साहेबांनी खिशातली पट्टी काढून दाणा मोजला.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "सगळं अगदी प्रमाणात आहे. फक्त हा एक जरा चुकलाय. हा कडेचा. फारच उंच झालाय. तेवढा काढून टाका."

आप्पांनी तेव्हा तो पहिल्यांदा बघितला. कपाळावरचे तीन पट्टे बघितले. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. हा माणूस अर्ध्या दाण्यासाठी दुकान बंद ठेवणारा, ह्याच्या फलाटावर मी दीड-दोन दाण्यांचा गाढवपणा करून ठेवला होता, आणि तोही साहेबांच्या पुढ्यात.

"न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "तो राहू द्या."

"अहो, पण प्रमाण..."

"प्रमाण बरोबर हाय." आप्पांनी गाडीकडं बोट केलं. "त्याचं कुणी तरी येणार हाय ह्या गाडीनं. टाचा उंच करून बघायलाय तो."

साहेबांनी चष्मा पुसला. मग स्टेशनमास्तराकडं वळून म्हणाले, ही खोली यादीतून काढा. स्टेशनमास्तरानं लिहून घेतलं. बाहेर पडताना आप्पा दारात आडवे झाले आणि टाकीला पाय किती ते विचारलं. साहेब म्हणाले सहा, आणि सुटले.

सगळ्यात शेवटी मी निघाले. मला त्यांनी काही विचारलं नाही, नुसते बाजूला झाले. मीच दारात थांबले.

"आप्पा, संध्याकाळची गाडी बघून झाली की सरळ माझ्याकडं या. दोन भाकरी जास्त थापते."

आप्पा टाचणीशी चाळा करत उभे राहिले. "येतो," म्हणाले. "पण भाकर फुटातली करा वहिनी. दाण्यातली नको."

संध्याकाळी ते आले. येताना उगीच रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून बिजलीसाठी चार भरीव धांडे घेऊन आले. माझ्याच गंजीतले.